वाचता न येणारी मुलाखत

१९९४ साली अमेरिकेतल्या ‘रे गन’ या संगीत मासिकात ब्रायन फेरी या ब्रिटिश गायकाची मुलाखत छापून आली. मुलाखत पूर्ण होती, शब्दन्‌शब्द होता, पण त्यात एकही अक्षर नव्हतं. इंग्रजी ‘ई’च्या जागी हिमकण, ‘एस’च्या जागी काळा त्रिकोण, ‘टी’च्या जागी तोच त्रिकोण उलटा, ‘एन’च्या जागी काळा चौकोन. सगळा मजकूर ‘झाफ डिंगबॅट्स’ या फाँटमध्ये लावला होता. या फाँटमध्ये अक्षरं नसतातच. चांदण्या, बाण, फुल्या, फुलं, कात्री, टेलिफोन अशी चिन्हं असतात. हा फाँट तेव्हा छपाईच्या कामातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकात असायचा आणि यादी संपवण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग कोणी करत नसे.

मासिकाचा कलादिग्दर्शक होता डेव्हिड कार्सन. मुलाखत वाचली, कंटाळवाणी निघाली, मग तिला साजेसा फाँट शोधत शोधत यादीच्या तळाशी पोचलो आणि तिथे ‘झेड’वर हा सापडला, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. डिझाइन शिकणाऱ्या मुलांना ही गोष्ट शिवाजीमहाराजांच्या पेटाऱ्यांसारखी सांगतात. वर्ग हसतो. मीही मासिकांची पानं लावते, आणि मला ही गोष्ट ऐकली की आधी मुलाखत घेणारा आठवतो. त्याने प्रश्न काढले असतील, टेप मागे-पुढे करत सगळं उतरवून घेतलं असेल, अंक हातात आल्यावर आपलं पान उघडलं असेल.

त्याच्याशी मासिक असं का वागलं, आणि वाचकांना त्यात मजा का वाटली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पानाचे नियम आपल्याला कोणी शिकवत नाही. मथळा मोठा आणि वर. मजकूर कॉलममध्ये. एक कॉलम संपला की डोळा पुढच्याच्या माथ्यावर जातो, कारण मध्ये मोकळी पट्टी असते. तिला आम्ही गटर म्हणतो. फोटोखाली ओळ, कोपऱ्यात पान क्रमांक. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते दिसत नाही, आणि दिसू नये असंच जुन्या जाणत्यांचं म्हणणं होतं. बिअट्रिस वॉर्ड या विदुषीने १९३० मध्ये लंडनमधल्या भाषणात छपाईला स्वच्छ काचेच्या पेल्याची उपमा दिली: लक्ष पेयावर जावं, पेल्यावर नाही. आपल्याकडे तंबोऱ्याची उपमा चालेल. मैफलीला कोणी तंबोरा ऐकायला जात नाही, पण तो उतरला की मागच्या रांगेतल्यालाही कळतं.

संगीत मासिकाची अडचण अशी की त्याचा विषय आवाज आहे आणि कागद मुका आहे. गाणं ऐकवता येत नाही. मग वर्णन करायचं, नाहीतर पानालाच काहीतरी करायला लावायचं. म्हणून गेल्या साठेक वर्षांत मासिकांच्या मांडणीत जे मोठे धक्के बसले, त्यातले बरेच संगीत मासिकांनी दिले. पण हे धक्के म्हणजे नेहमी मोडतोडच होती असं नाही. माझ्या मते त्यातला सगळ्यात हुशार धक्का नियम पाळून दिला गेला.

१९६७ चं सॅन फ्रान्सिस्को. शहरातल्या फिल्मोर आणि ॲव्हलॉन या नाचघरांत रॉक बँड वाजायचे आणि त्यांची पोस्टर्स भिंतींवर लागायची. वेस विल्सनने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची अक्षरं उचलली आणि ज्वाळांसारखी फुगवली. व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सकडे रंग शिकून आला होता. शिकलेलं सगळं उलट करायचं, असं त्याने ठरवलं आणि सारख्याच तीव्रतेचे विरोधी रंग शेजारी ठेवले, त्यामुळे अक्षरं डोळ्यांपुढे थरथरायची. ती वाचायला रस्त्यात थांबावं लागे, आणि थांबावं हाच हेतू होता. त्याच गावात ‘सॅन फ्रान्सिस्को ऑरॅकल’ नावाचं हिप्पी वर्तमानपत्र निघत होतं. त्यात एकाच पानावर शाईचे रंग इंद्रधनुष्यासारखे एकमेकांत मिसळत आणि मजकूर हवा त्या आकारात वळत जाई. म्हणजे वाचायला कठीण पान हीच त्या गावातल्या तरुणांची रीत झाली होती.

त्या गावात ९ नोव्हेंबर १९६७ च्या तारखेचा ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक निघाला. यान वेनर २१ वर्षांचा. बरोबर राल्फ ग्लीसन, पन्नाशीचे जॅझ समीक्षक. जवळचे, घरचे मिळून जमवलेले साडेसात हजार डॉलर. आणि अंक कसा? वर्तमानपत्राच्या कागदावर, सरळ उभ्या कॉलमांचा, भोवती एक जाड आणि एक बारीक अशा दुहेरी रेघांच्या चौकटी. हा तोंडवळा वेनरने आपल्या आधीच्या, बंद पडलेल्या ‘संडे रॅम्पार्ट्‌स’ या पत्राकडून घेतला होता आणि त्या पत्राने तो जुन्या ब्रिटिश दैनिकांकडून. मुखपृष्ठावर सैनिकी हेल्मेट घातलेला जॉन लेनन, एका सिनेमातला. वेड्यावाकड्या जगातलं फक्त नाव आलं होतं: रिक ग्रिफिन या पोस्टर-कलाकाराने काढलेली मासिकाच्या नावाची वळणदार अक्षरं. त्याखालचं पान मात्र आजोबांनाही परकं वाटलं नसतं.

पहिल्याच अंकात मायकल लायडनची एक बातमी होती: माँटेरे पॉप महोत्सवाचे पैसे गेले कुठे? आता हीच बातमी ज्वाळांच्या अक्षरांत छापली आहे अशी कल्पना करा. कोणी घाबरलं असतं का? पोरांचं संगीत तोवर छापलं जायचं ते ‘सिक्स्टीन’सारख्या मासिकांत, गायकांचे हसरे चेहरे, उद्गारचिन्हं आणि कूपनं यांच्या गर्दीत. किंवा मग ‘क्रॉडॅडी’मध्ये, जे पॉल विल्यम्स या १७ वर्षांच्या कॉलेजकुमाराने १९६६ मध्ये सायक्लोस्टाइलवर काढलं. (सायक्लोस्टाइलची शाई काय असते हे मराठी लघुअनियतकालिकं जमवणाऱ्यांना सांगायला नको.) ‘क्रॉडॅडी’त विचार गंभीर होता, पण चेहरा कॉलेजच्या नोट्सचा. वेनरने वडीलधाऱ्यांच्या दैनिकाचा कोट घातला. रॉक संगीत हा बातमीचा, हिशेब मागण्याचा विषय आहे, हे त्या रेघांनी मजकुराआधी सांगून टाकलं. नियम पाळणं हा कधी कधी घुसखोरीचा मार्ग असतो, आणि तो मोडतोडीइतका फोटोजेनिक नसल्यामुळे डिझाइनच्या पुस्तकांत त्याला कमी पानं मिळतात.

पुढे हे मासिक श्रीमंत झालं, रंगीत झालं, फ्रेड वुडवर्डच्या हाताखाली फार देखणंही झालं. २००८ पासून त्याची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघू लागली, तेव्हा ग्रिफिनच्या अक्षरांचं वळण आपल्या स्टॉलवरही आलं.

लंडनमध्ये १९७६ च्या जुलैत झालं ते अगदी वेगळं. मार्क पेरी हा १९ वर्षांचा बँकेतला कारकून. रॅमोन्स बँड ऐकून तो पेटला आणि त्याने ‘स्निफिन ग्लू’ नावाचं पत्रक काढलं. मजकूर लहान मुलांच्या टाइपरायटरवर बडवलेला, चुकलेल्या शब्दांवर सरळ फुल्या, मथळे जाड स्केचपेनने हाताने लिहिलेले. मैत्रिणीच्या ऑफिसात फोटोकॉपी काढायच्या आणि कोपऱ्यात पिन मारायची. याला नियम मोडणं म्हणणंसुद्धा जरा जास्तच आहे. नियम पाळायला लागणारं सामानच त्याच्याकडे नव्हतं. टाइपरायटरवर कॉलमच्या दोन्ही कडा सरळ येत नाहीत. टाइपसेटरकडून जुळणी करून घ्यायची तर पैसे लागतात. पण त्या पानाचा वाचकावर जो परिणाम झाला तो देखण्या पानाचा कधी होत नाही: हे तर मीही करू शकतो. पेरीने तसं वाचकांना सांगितलंही. १९७७ च्या जानेवारीत ‘साइडबर्न्स’ या तसल्याच दुसऱ्या पत्रकाने गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या काढून खाली सांगितलं की झालं, आता बँड काढा. ते चित्र आज टी-शर्टांवर असतं आणि बहुतेक वेळा श्रेय चुकून ‘स्निफिन ग्लू’ला दिलं जातं.

वर्षभरात पेरी थांबला. तोवर त्याची गरज ही इतरांची फॅशन झाली होती. सेक्स पिस्टल्सच्या वेष्टनांवर जेमी रीडने वर्तमानपत्रातली अक्षरं कापून, खंडणीच्या चिठ्ठीसारखी चिकटवली होती. ती रीत इतकी पसरली की हाताशी उत्तम टाइपसेटर असलेली माणसंही कात्री घेऊन बसली. गरिबीची नक्कल करायला पैसे लागतात, हे तेव्हाही खरं होतं.

निक लोगनने नेमकं उलट केलं. तो ‘एनएमई’ या साप्ताहिकाचा माजी संपादक. वर्तमानपत्री कागदावर बँडचे फोटो काळवंडून जातात याचा त्याला वीट आला होता. घरची शिल्लक घालून त्याने मे १९८० मध्ये ‘द फेस’ काढलं: चांगला गुळगुळीत कागद, मोठे फोटो, मुखपृष्ठावर ‘द स्पेशल्स’चा जेरी डॅमर्स. दुसऱ्या वर्षी तिथे नेव्हिल ब्रोडी आला. हा रेकॉर्डची वेष्टनं करणारा. कॉलेजात असताना टपाल तिकिटाच्या डिझाइनमध्ये राणीचं डोकं आडवं लावल्यामुळे तो काढून टाकला जाता जाता वाचला होता.

ब्रोडीचं काम मला या सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण तो नियम एकदम मोडत नाही, एकेकाला उचलून विचारतो की तू इथे का आहेस. मथळा वरच का? उभा लावला तर? शब्दाऐवजी खूण चालेल का? बाजारातले फाँट सगळ्यांकडे आहेत म्हणून त्याने मथळ्यांची अक्षरं स्वतः आखली, हाताने, संगणक नसताना. टोकदार, भौमितिक, जुन्या रशियन पोस्टरांची आठवण करून देणारी.

आणि मग अनुक्रमणिका. प्रत्येक अंकात एका ठरावीक जागी ‘कंटेंट्‌स’ हा शब्द असतो. तो कोणी वाचत नाही. १९८४ च्या सुमारास ब्रोडीने तो शब्द अंकागणिक थोडाथोडा मोडायला सुरुवात केली. आधी अक्षरांचे तुकडे निखळले, मग अक्षर ओळखू येईना, शेवटी नुसत्या रेषा आणि आकार उरले. नियमित वाचकाला पान उघडताच कळत होतं की ही अनुक्रमणिका आहे, कारण जागा तीच होती. म्हणजे इतकी वर्षं आपण शब्द वाचत नव्हतो, त्याची जागा वाचत होतो. हा प्रयोग एका अंकात करता आला नसता. त्याला महिनेच्या महिने परत येणारा वाचक लागतो, आणि ठेका सांभाळणाऱ्या तबलजीइतका संयम.

ब्रोडीची अक्षरं जाहिरातवाल्यांनी आणि दुकानांनी इतकी उचलली की शेवटी त्यालाच कंटाळा आला. लोगनच्याच ‘अरीना’ या १९८६ साली निघालेल्या मासिकात त्याने ‘हेल्व्हेटिका’ वापरला, जगातला सगळ्यात सरकारी वाटणारा फाँट. पुन्हा तेच: सगळे आरडाओरडा करत असताना साधं बोलणं हाच वेगळेपणा.

मधल्या काळात यंत्र बदललं. १९८४ मध्ये मॅकिन्टॉश आला, १९८५ मध्ये पेजमेकर, जो आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी पुढे वर्षानुवर्षं वापरला. आधी दोन ओळी एकमेकींवर चढवून बघायच्या तर टाइपसेटरला सांगा, बिल भरा, त्याच्या शिव्या खा. आता माउस हलवला की झालं, आणि नाही आवडलं तर परत.

कार्सनला या यंत्राआधीचे संस्कार फारसे नव्हतेच. तो समाजशास्त्र शिकलेला, शाळेत शिकवणारा आणि लाटांवर फळी चालवणारा. सर्फिंगमध्ये जगातल्या पहिल्या दहांत गणला गेलेला. डिझाइनचं शिक्षण म्हणजे काही आठवड्यांच्या कार्यशाळा. स्केटबोर्डच्या मासिकात त्याने हात बसवला, मग ‘बीच कल्चर’ या मासिकाचे सहा अंक केले. त्यात एका अंध सर्फरवरच्या लेखाची सुरुवात त्याने समोरासमोरची दोन पानं पूर्ण काळी छापून केली होती. हे पान मला आजही अचूक वाटतं. तिथे नियम मोडला तो मजकुरासाठी.

नोव्हेंबर १९९२ मध्ये मार्व्हिन स्कॉट जॅरेट याने ‘रे गन’ काढलं आणि पहिले तीसेक अंक कार्सनकडे दिले. या अंकांतली पानं स्कॅनमध्ये पाहिली तरी दमायला होतं. गटर नाहीसं झालेलं, त्यामुळे एका कॉलममधली ओळ शेजारच्या कॉलमात घुसते आणि दोन वाक्यांचं तिसरंच वाक्य होतं. ओळीवर ओळ. फोटोच्या अंधारात बुडालेला काळा मजकूर. अर्धं कापलेलं अक्षर. तरुण डिझाइनरांनी पाठवलेले अर्धेकच्चे फाँट. वाचकांनी गाण्यांवर काढलेली चित्रंही ते छापत. संगीत होतं तेव्हाचं ‘ऑल्टरनेटिव्ह’ रॉक, गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज, आणि वाचक होते एमटीव्ही पाहत वाढलेले. त्यांना हे पान गोंगाटाचं नाही, ओळखीचं वाटलं.

कार्सनचं म्हणणं थोडक्यात असं: वाचता येणं म्हणजे पोचणं नव्हे. स्वच्छ छापलेला लेखही न वाचता उलटला जातो. झगडून वाचलेला लक्षात राहतो. अनेकांना हे पटलं नाही. अशा प्रकारच्या डिझाइनवर स्टीव्हन हेलर यांनी १९९३ मध्ये ‘आय’ या नियतकालिकात कुरूपतेचा पंथ म्हणून टीका केली होती. ब्रोडीने ‘रे गन’ पाहून छपाईचा अंत झाला असं म्हटलं, आणि कार्सनने तेच शब्द १९९५ च्या आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून वापरले.

मला कार्सनचं म्हणणं अर्धं पटतं. काळी दोन पानं त्या लेखातूनच उगवली होती. डिंगबॅट्सची मुलाखत त्या मुलाखतीतून उगवलेली नाही; ती कार्सनच्या कंटाळ्यातून उगवली. साथीदाराने गाणं आवडलं नाही म्हणून गवयाचा माइक बंद केला, असा तो प्रकार. त्यात विनोद आहे, पण मैफल कोणाची हा प्रश्न उरतोच.

फक्त एक गोष्ट वर्गात सांगताना बहुतेक वेळा गाळली जाते. त्याच अंकाच्या मागच्या पानांवर ती मुलाखत साध्या, वाचता येणाऱ्या टाइपात पुन्हा छापली होती. म्हणजे कोणीतरी ती पुन्हा जुळवली, कॉलम पाडले, पानं राखून ठेवली. पुढच्या पानावरची सगळी चैन मागच्या पानांच्या हमीवर चालली होती. हे कळल्यावर ती गोष्ट मला कमी बंडखोर वाटली आणि कार्सन जास्त आवडला.

१९९५ मध्ये तो ‘रे गन’ सोडून गेला आणि पेप्सी, नाइकी यांच्यासाठी काम करू लागला. वाकडीतिकडी, खरवडलेली अक्षरं बुटांच्या जाहिरातींत आली. मासिक २००० मध्ये बंद पडलं.

आज तुम्ही फोनवर हे वाचताय ते एकाच कॉलममध्ये. गटर नाही, शेजारचं पान नाही, मथळा वर आहे आणि तो तिथून हलणार नाही. मोडायला काही उरलेलं नाही असं नव्हे, पण मोडलं तरी ब्राउझरमध्ये एक बटण असतं जे सगळी सजावट काढून मजकूर साधा करून देतं. ‘रे गन’ची मागची पानं आता प्रत्येकाच्या खिशात आहेत.

देवनागरीत हे सगळं करायला गेलं की आणखी एक गंमत होते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, फोडता येतात. आपल्या शब्दांवर शिरोरेघ असते. ती कापली तर ‘म’चा ‘भ’ व्हायला वेळ लागत नाही. ओळीवर ओळ चढवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात आणि घोटाळा कार्सनला जमला नसता इतका पक्का होतो. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका रॉक बँडवरच्या लेखाची दोन पानं अशी लावली होती. ओळी एकमेकींत घुसवलेल्या, गटर काढून टाकलेलं, मथळ्याची शिरोरेघ ताणून थेट पानाबाहेर नेलेली. संपादकबाईंनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘छान दिसतंय गं. मागे कुठे साधं छापायला जागा आहे का?’’

फॉर्म सोळा पानांचा होता आणि शेवटच्या फॉर्ममध्ये जाहिराती भरल्या होत्या. मी कॉलम परत सरळ केले. शिरोरेघ तेवढी पानाबाहेर जाऊ दिली.